जस्ताचें पांढरें कवच



गेल्या उन्हाळ्यांत माझा अकरा वर्षांचा नातू नाकाला व गालांना पांढरा लेप फांसून क्रिकेट खेळावयास निघाला. मीं थट्टेनें म्हटलें, "काय रे, हें कोणत्या नाटकांतलें सोंग?" पोरानें लाजून तोंड पुसलें आणि सायंकाळीं भाजलेलें लाल नाक घेऊन तो घरीं आला. सारा जन्म मुलांना शिकविण्यांत घालविलेल्या मास्तराचें हें अज्ञान! त्याचें प्रायश्चित्त म्हणून आजचें हें भाषण.

त्या लेपांतील मुख्य द्रव्य म्हणजे झिंक ऑक्साइड. बादल्यांना व पत्र्यांना ज्याचा मुलामा देतात, तें जस्त हवेंत तीव्र उष्णतेनें जाळलें कीं त्याचा प्राणवायूशीं संयोग होऊन कापसासारखा शुभ्र पदार्थ तयार होतो, तोच हा. आपल्या देशास तो नवा नाहीं. राजस्थानांत उदयपूरजवळ झावर येथें मध्ययुगांत वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशींतून जस्त गाळीत असत, आणि आपले वैद्य यशदभस्म करीतच आले आहेत.

आतां उन्हाकडे वळूं. सूर्यप्रकाशांत डोळ्यांस न दिसणारे जंबुपार, म्हणजेच अतिनील, किरण असतात. पृथ्वीवर पोंचणाऱ्या या किरणांची तरंगलांबी सुमारें २९० ते ४०० नॅनोमीटर असते. त्यांतील ३२० च्या आंतले मुख्यतः त्वचा भाजतात. त्यांवरील अधिक खोल शिरून तिला अकालीं सुरकुत्या आणतात. वर्षानुवर्षें होणारी ही इजा क्वचित् कर्करोगासही कारण होते.

पांढरा लेप आरशाप्रमाणें हे किरण परतवितो, असा पुष्कळांचा समज आहे. तो फारसा खरा नव्हे. झिंक ऑक्साइडचे कण सुमारें ३७० नॅनोमीटरपर्यंतचे किरण मुख्यतः शोषून घेतात व त्यांचें किंचित् उष्णतेंत रूपांतर करितात. आपल्या डोळ्यांस जें शुभ्र दिसतें, तें या किरणांना काजळासारखें काळें असतें! म्हणूनच कण अतिसूक्ष्म केले, तर पांढरेपणा ओसरतो, परंतु संरक्षण राहतें.

पुणें साडेअठरा अक्षांशावर आहे. १३ मेच्या सुमारास मध्यान्हीं सूर्य येथें नेमका माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहींशी होते. या किरणांची तीव्रता उष्म्यावर नव्हे, तर मुख्यतः सूर्याच्या उंचीवर अवलंबून असते. एक सोपी कसोटी सांगतों: सावली आपल्या उंचीहून आंखूड असेल, तर जपावें. पुण्यांत डिसेंबरच्या थंडींतही मध्यान्हीं ती आंखूडच असते.

लेप मात्र हात राखून लावूं नये. चेहरा व मान यांस निदान अर्धा चहाचा चमचा हवा. घाम येतो म्हणून दर दोन तासांनीं तो पुन्हा लावावा. हा लेप गोरें होण्यासाठीं नव्हे. सांवळ्या त्वचेस निसर्गानेंच कांहीं संरक्षण दिलेलें असतें. पण तें पूर्ण नसतें. टोपी, सावली व घट्ट विणीचें कापड यांची योग्यता तर लेपाहूनही मोठी. दुचाकीवरून जातांना तोंडाला ओढणी गुंडाळणाऱ्या आपल्या मुलींना आपण हंसतों. शहाण्या त्याच आहेत.

यंदा नातवाच्या सामन्याला मी टोपी घालून, नाकाला तोच लेप लावून बसलों. ज्यांना हंसावयाचें असेल, त्यांनीं खुशाल हंसावें!