गोधडी कुणाची, भाकर कुणाची?

आपल्या परभणीकडं आजीच्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवतात. आजी गेली की ती कुणाकडं जावी, यावरून घरात कुरबुर होते. ॲलिस वॉकर या अमेरिकन लेखिकेच्या ‘एव्हरीडे यूज’ (1973) या कथेत नेमकं हेच भांडण आहे.

कृष्णवर्णीय आई, तिच्या दोन मुली. थोरली डी शिकून घरी येते, ती नाव बदलूनच. जुनं नाव छळणाऱ्यांनी दिलेलं, असं तिचं म्हणणं. आई म्हणते, अगं, ते तर तुझ्या मावशीचं नाव! डीला घरातल्या गोधड्या भिंतीवर टांगायला हव्यात. त्यात आजीचे कपडे आहेत, यादवी युद्धातल्या पणजोबांच्या गणवेशाचा तुकडा आहे. धाकटी मॅगी त्या वापरून फाडील, ही तिची भीती. पण मॅगीला गोधडी शिवता येते. आई त्या मॅगीलाच देते.

आता आपल्याकडं येऊ. 1972 साली दलित पँथरनं आपलं नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं, म्हणजे हे नातं जुनंच. बंधुमाधव यांच्या एका कथेत म्हातारा येताळ्या नातवाला घेऊन पाटलाच्या खळ्यावर जातो. शिकलेला नातू पाटलाला उलट बोलतो आणि बलुत्याचं धान्य हुकतं. हाती येते ती शेणात पडलेली शिळी भाकर. ती खाऊन आजा मरतो. मरताना नातवाला सांगतो, ही भाकर सोड, शीक. अर्जुन डांगळे यांच्या 1992 च्या ‘पॉयझन्ड ब्रेड’ या इंग्रजी संकलनाचं नाव याच कथेचं.

शिकलेली डी वारसा मागते, शिकलेला नातू वारसा नाकारतो. दोघं उलटे वाटतात. पण गोधडी घरच्या हातांनी शिवलेली आहे, भाकर मालकानं टाकलेली. हा फरक कळला, की काय जपायचं आणि काय टाकायचं, ते कळतं.

अवघड जागा पुढंच आहे. डी अगदीच चूक नाही. गुलामांना मालक नावं देतच होते. मग तेच नाव गोधडीही आणि भाकरही. आपल्याकडं आडनावावरून जात हुडकतात, म्हणून मुलगा आडनाव बदलतो. बापाला वाटतं, पोरानं आपल्यालाच टाकलं. दोघांचंही खरं असतं. पण जात हुडकणारा बाहेर असतो, आणि भांडतात ते घरातले दोघं. या कथा वाचताना आपण आधी त्या बाहेरच्याकडं बघावं.