होन विकायचा आहे, पण कुठे?

1906 साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी इथे क्षत्रप नहपानाची चांदीची नाणी सापडली. थोडीथोडकी नव्हेत, सव्वातेरा हजारांच्या आसपास! त्यातल्या दोनतृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारून घेतला होता. हरलेल्या राजाच्या चेहऱ्यावरच जिंकलेल्याची चिन्हं उमटली होती. रेव्हरंड स्कॉट यांनी ती नाणी तपासून त्यांच्यावर निबंध लिहिला आणि सातवाहनांनी नहपानाचा पाडाव केल्याचा पुरावा अभ्यासकांच्या हाती आला. महाराष्ट्राच्या मातीतून निघालेला याहून बोलका साठा मला तरी माहीत नाही. एवढा इतिहास अंगावर वागवणारं हे नाणं बाजारात मात्र फारसं दुर्मीळ नाही, कारण ते मुबलक सापडलं.

आता 1911 चा पंचम जॉर्जचा रुपया घ्या. राजाच्या झग्यावरच्या साखळीत एक हत्ती आहे. त्याची सोंड इतकी आखूड कोरली गेली की तो डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली. त्या साली सुमारे 94 लाख रुपये पाडले होते. त्यातले सात लाखांच्या आसपासच बाहेर पडले, बाकीचे वितळवले गेले आणि पुढच्या वर्षी हत्ती सुधारून घेतला. संग्राहक या नाण्याला ‘पिग रुपया’ म्हणतात. चांगल्या स्थितीतल्या अशा रुपयाला एखाद्या सामान्य सातवाहन नाण्याच्या कितीतरी पट भाव येतो. नाण्याची किंमत त्याच्या वयावर नाही, तर ते किती उरलं आहे, कसं उरलं आहे आणि ते कोणाला हवं आहे यावर ठरते. विक्रीचा मार्गही यावरूनच निवडायचा.

त्यासाठी आपल्या हातात काय आहे ते आधी नीट कळायला हवं. सहाव्या जॉर्जचा 1939 चा रुपया दुर्मीळ आहे आणि 1938 चा सहज मिळणारा. त्यामुळे 8 च्या जागी 9 कोरून फसवणारे कारागीर या धंद्यात पहिल्यापासून आहेत. अशा वेळी तो शेवटचा आकडा भिंगातून पाहायचा, शक्य तर खात्रीच्या नाण्याच्या फोटोशेजारी ठेवून.

माझा जीव मात्र शिवकालीन नाण्यांत अडकलेला आहे, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो. 1674 मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला. त्यानंतरच्या सोन्याच्या होनावर एका बाजूला बिंदूंच्या वर्तुळात ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरं आहेत. वजन पावणेतीन ग्रॅमच्या आगेमागे. तांब्याच्या शिवराईवरही हाच मजकूर असतो. शिवराई पुढे पेशवाईतही पाडली जात होती आणि इंग्रजी अमलातही कितीतरी वर्षं चलनात होती. तिचे प्रकार पाहत बसलं तर दिवस पुरत नाही. कुठे ‘शिव’, कुठे ‘सिव’, कुठे ‘शीव’. अक्षरांमध्ये दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी शिवराई तर अगदी थोड्या पैशांत मिळते. पण वेगळ्या वळणाची, वेगळ्या लेखनाची एखादी शिवराई निघाली की तिच्यासाठी संग्राहक जीव टाकतात. ढिगातली प्रत्येक शिवराई वाचल्याशिवाय ढीग विकू नये असं मी म्हणतो ते याचसाठी.

होनाची गोष्टच निराळी. खरे होन फार थोडे आहेत आणि खोटे गावोगाव आहेत. ओतीव नकलेवर भिंगातून बारीक छिद्रं दिसतात, अक्षरांच्या कडा मऊ असतात, कधी काठावर पुसटसा जोडही सापडतो. हातोड्याने ठोकलेल्या अस्सल नाण्यात धातू ठशात चढलेला दिसतो. ठसा बहुतेकदा थोडा सरकलेला असतो आणि एखादं अक्षर काठाबाहेर गेलेलं असतं. सगळी अक्षरं बरोबर मध्यभागी बसलेला, गुळगुळीत होन दिसला की मला आधी शंका येते. सोन्याचा कस पाहायचा असेल तर सोनाराकडच्या यंत्रावर कॅरट मोजून घ्यावा. कसोटीच्या दगडावर नाणं घासू देऊ नये, त्या एका ओरखड्याने नाण्याची किंमत उतरते. गळ्यात घालण्यासाठी नाण्याला पूर्वी कडी डाख देऊन जोडत. त्यानेही किंमत कमी होते, पण ती काढायला जाऊन जखम वाढवू नये.

चिंच, लिंबू आणि पितांबरी यांनी महाराष्ट्रातल्या जुन्या नाण्यांचं जेवढं नुकसान केलं तेवढं मातीनेही केलं नसेल. तांब्यावर शंभर वर्षांत चढलेली तपकिरी किंवा हिरवट झाक हा नाण्याचा दागिना आहे. एनजीसी, पीसीजीएस या अमेरिकी संस्था नाण्याला 1 ते 70 मध्ये दर्जा देऊन ते पारदर्शक डबीत बंद करतात. पण नाणं घासलेलं आढळलं तर साधा आकडाच देत नाहीत, तसा शेरा मारतात.

विक्रीचे मार्ग तसे मोजकेच आहेत. सोनार वजनाचा भाव देतो, त्यामुळे दुर्मीळ नाण्यासाठी तो दरवाजा बंदच समजावा. साधी चांदीची नाणी आणि एकाच प्रकारच्या शिवराया यांसाठी जाणता विक्रेता बरा. तो आपला नफा धरून भाव देतो, पण पैसे हातोहात मिळतात. पुण्यातल्या कॉइनेक्ससारख्या प्रदर्शनात एकाच छताखाली अनेक विक्रेते भेटतात, तिथे तीनचार ठिकाणी विचारल्याशिवाय नाणं हातावेगळं करू नये. मोबाइलवर ‘हे पाच रुपयांचं नाणं लाखाला विका’ असं सांगून आधी शुल्क मागणारे निव्वळ ठग आहेत. आपल्या नावाने असं शुल्क मागितलं जात असल्याचं कळल्यावर रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये लोकांना जाहीर इशाराही दिला होता.

खऱ्या अर्थाने मौल्यवान नाण्यासाठी मी एकच मार्ग सांगेन, छापील कॅटलॉग काढणारा जाहीर लिलाव. मुंबईत टोडीवाला, ओसवाल, राजगोर, बंगळुरूला मरुधर, अहमदाबादला क्लासिकल ही या क्षेत्रातली परिचित नावं. मुंबईतल्या अशाच एका लिलावात मी मागच्या रांगेत बसलो होतो. शेजारी साताऱ्याकडचे एक काका होते, त्यांच्या घरातली शिवराई त्या दिवशी पुकारली जाणार होती. गावाकडच्या विक्रेत्याने ती ढिगाच्या भावाने मागितली होती. लॉट पुकारला आणि सुरुवातीला कोणी हात वर करेना. काका खाली मान घालून बसले. मग सभागृहातून एक पाटी वर झाली, पाठोपाठ फोनवरून बोली आली आणि पुढची दोनतीन मिनिटं ते दोघंच एकमेकांना सोडेनात. दोघांकडेही ते लेखन असलेली शिवराई नव्हती. हातोडा पडला तेव्हा ढिगाचा भाव कुठल्या कुठे मागे राहिला होता. विक्रेता कितीही सचोटीचा असला तरी त्याच्या दुकानात आपल्या नाण्याला एकच गिऱ्हाईक असतं. लिलावात निदान दोन समोरासमोर येतात आणि खरी किंमत तेव्हाच कळते.

अर्थात लिलावाचेही नियम आहेत. नाणं देताना करार वाचावा. विकणाऱ्याकडून दलाली किती, फोटो आणि विम्याचा खर्च कोणाचा, पैसे लिलावानंतर किती दिवसांनी, न विकलं गेलेलं नाणं परत कधी, हे सगळं लेखी घ्यावं. घेणारा हातोड्याच्या किमतीवर लिलावगृहाचं शुल्क आणि जीएसटी वेगळा भरतो, म्हणून तो बोली लावताना ते धरूनच हात वर करतो. राखीव किंमत आकाशाला भिडवण्याचा मोह टाळावा. अपेक्षित किंमत माफक छापली की बोली लावणारे जमतात आणि एकदा जमले की तेच भाव वर नेतात. न विकलं गेलेलं नाणं पुढच्या लिलावात सगळे ओळखतात.

कायद्याचं थोडक्यात. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांवरचं नाणं ही पुरावस्तू आहे, ते खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. 1911 चा रुपया या रेषेपलीकडे गेला आहे, 1939 चा 2039 मध्ये जाईल. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही. नफ्यावरच्या कराचं आपल्या सीएला आधीच विचारावं.

जमिनीत सापडलेल्या नाण्यांसाठी मात्र 1878 चा निधी कायदा आहे आणि त्याबद्दल माझं ठाम मत आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचा साठा सापडला तर कलेक्टरला कळवणं बंधनकारक आहे. सरकारने तो ताब्यात घेतला तर मोबदला मिळतो तो धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा. इंग्लंडमध्ये 1996 च्या कायद्याने सापडवणाऱ्यांना बाजारभाव दिला जातो. नांगराच्या फाळाला हंडा लागलेल्या आपल्या शेतकऱ्याला मात्र मोडीचा भाव, मग तो साठा मुशीत गेला तर नवल काय? जोगलटेंभीचा साठा वितळवला गेला असता तर गौतमीपुत्राच्या विजयाचा केवढा पुरावा आपण गमावला असता! हा कायदा बदलून बाजारभाव द्यायला हवा.

घरातलं वडिलोपार्जित नाणं खुशाल विका, त्यात कमीपणा काहीच नाही. फक्त हातावेगळं करण्याआधी दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो काढा, वजन आणि व्यास लिहा, ते कोणत्या गावच्या, कोणाच्या घरातून आलं तेही नोंदवा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, ही नोंद तिथल्या अभ्यासकांपर्यंत जरूर पोहोचवा.