‘व्ही’ क्रमांकावरून व्हिक्टरी रिव्हॉल्व्हरचं वय

दुसऱ्या महायुद्धातलं माझं सर्वांत आवडतं हत्यार म्हणजे स्मिथ अँड वेसनचं ‘व्हिक्टरी मॉडेल’. चकाकी नसलेलं करडं पोलाद, साधी गुळगुळीत अक्रोडी मूठ, तळाला दोरीची कडी. सगळा थाट युद्धाच्या घाईचा!

त्याचं वय मुठीच्या तळावरच्या क्रमांकातून उलगडतं. 1942 मध्ये जुनी मालिका दहा लाखांपर्यंत पोचली आणि क्रमांक पुन्हा 1 पासून सुरू झाले, पुढे ‘व्ही’ हे विजयाचं अक्षर लावून. म्हणजे ‘व्ही’ नसेल तर रिव्हॉल्व्हर त्याआधीचं.

‘व्ही’सोबत ‘एस’ही दिसला तर नीट बघा. 1944 मध्ये एका अमेरिकी नाविकाचं रिव्हॉल्व्हर डेकवर पडलं, गोळी सुटली आणि माणूस गेला. जुना सुरक्षा-अडसर घट्ट झालेल्या ग्रीसमुळे अडकू शकत होता. कंपनीने तातडीने नवा, सरकता अडसर बसवला. ‘एस’ ही त्या सुधारणेची खूण. मला हे एक अक्षर सगळ्या मालिकेत मोलाचं वाटतं.

क्रमांक सिलिंडरच्या मागच्या बाजूला, नळीखाली आणि उजव्या मुठीच्या आतही जुळवून पाहा. पाच इंची नळी बहुधा ब्रिटिश पुरवठ्याची, चार इंची अमेरिकी. मात्र रिव्हॉल्व्हरं क्रमांकाच्या ओळीने कारखान्याबाहेर पडत नसत. त्यामुळे क्रमांकावरून काळाचा अंदाज येतो, नेमकी रवानगीची तारीख कारखान्याच्या जुन्या नोंदींतूनच कळते.