अणुभट्टीच्या पंख्यांना कान लावून

अमेरिकेच्या टेनेसी राज्यात, ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत, ‘हाय फ्लक्स आयसोटोप रिअ‍ॅक्टर’ ही संशोधन अणुभट्टी गेल्या शतकाच्या साठीच्या दशकापासून चालू आहे. ती वीज बनवत नाही. संशोधनासाठी न्यूट्रॉन आणि कॅलिफोर्नियम-२५२सारखी समस्थानिके पुरवते. मात्र तिची ८५ मेगावॅट उष्णता कुठेतरी सोडावीच लागते. ते काम पंप आणि कूलिंग टॉवरचे पंखे करतात, आणि भट्टीच्या हालचालींची बातमीही तेच बाहेर फोडतात.

टॉवरवरचा मोठा पंखा संथ फिरतो. समजा, त्याला ८ पाती आहेत आणि तो मिनिटाला १२० फेरे घेतो. मग हवेला सेकंदाला १६ धक्के बसतात. माणसाला साधारण २० हर्ट्‌झच्या खालचे ऐकू येत नाही, म्हणून हा अवश्राव्य ध्वनी. त्याची लहर सुमारे २१ मीटर लांब. झाडे-भिंती तिला फारसे अडवत नाहीत, हवाही तिला फार कमी शोषते. त्यामुळे कुंपणाबाहेर ठेवलेल्या संवेदकापर्यंत ती सहज पोचते.

ओक रिजच्या संशोधकांनी ध्वनी आणि भूकंप-संवेदकांच्या नोंदी संगणकाला शिकवल्या. भट्टी चालू की बंद, हे एकाच ठाण्याच्या नोंदींवरून फार विश्वासाने ओळखता आले. ती नेमक्या किती शक्तीवर चालते, हे सांगणे मात्र बरेच अवघड गेले.

अडचण उघड आहे. पंख्यांचा वेग हवामानावरही ठरतो, आणि भट्टी थंड असताना नुसते पंखे फिरवून कोणी चकवू शकते.

वारा तर या कामाचा जुना शत्रू. सर्वंकष अणुचाचणीबंदी कराराच्या (१९९६) देखरेखीसाठी जगभर अवश्राव्य ध्वनीची ६० केंद्रे ठरली. तिथे अनेक तोंडांच्या नळ्या जमिनीवर पसरून संवेदकाला जोडतात. प्रत्येक तोंडाशी वाऱ्याचा गोंधळ निराळा असल्याने तो सरासरीत विरतो. दुरून आलेली लांब लहर सगळीकडे जवळपास एकदमच पोचते, म्हणून ती टिकते.

अणुभट्ट्यांवर लक्ष ठेवण्यासाठी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक आज सील आणि कॅमेऱ्यांवर भिस्त ठेवतात. तीच योग्य आहे, कारण ध्वनीवरून इंधन मोजता येत नाही. पण निरीक्षक परतल्यावरही रात्रंदिवस चालू राहणारी, भट्टीच्या आत पाऊल न टाकणारी ही दुसरी साक्ष त्यांच्या जोडीला असायलाच हवी.