ऑनलाइन दुकानाआधी व्यवहाराची आखणी

महाड व पोलादपूर या रायगड जिल्ह्याच्या डोंगराळ तालुक्यांत भाताच्या जोडीला वरकस जमिनीवर नाचणी व वरी होते. उन्हाळ्यात आमसुले वाळविली जातात, कुळथाचे पीठ व पापड घरोघरी तयार होतात. महिलांच्या स्वयंसहायता गटांनी हा माल थेट शहरातील ग्राहकाला विकावा, ही अपेक्षा रास्तच आहे. मोबाईलवर दुकान उघडणे आता एका दुपारचे काम झाले आहे. खरी अडचण त्यानंतर सुरू होते.

ग्राहक कोण, हे प्रथम ठरविले पाहिजे. मुंबईचे चाकरमानी हे हक्काचे गिऱ्हाईक, असे सहज गृहीत धरले जाते. परंतु गणपतीला आणि शिमग्याला गावी आलेला चाकरमानी परतताना पिशवी भरूनच नेतो. त्याला टपालखर्च देऊन माल मागविण्याचे कारण नाही. तेव्हा दुकानाचा ग्राहक म्हणजे ज्याचे कोकणात घर नाही तो. अशी माणसे मुंबईतील ‘महालक्ष्मी सरस’सारख्या प्रदर्शनांत भेटतात, त्यांचे पत्ते त्यांच्या संमतीने तेथेच टिपून ठेवावेत. त्यांना मालाची ओळख करून देताना मात्र नावाबाबत दक्षता हवी. ‘सिंधुदुर्ग व रत्नागिरी कोकम’ या नावाला भौगोलिक मानांकन आहे; पोलादपूरच्या आमसुलाला ते नाव लावता येणार नाही.

यानंतर हिशेब. उदाहरणादाखल काही आकडे धरू. नाचणीच्या पिठाच्या अर्ध्या किलोच्या पुड्याची किंमत ६० रुपये, उत्पादनखर्च ४० रुपये, वेष्टन १० आणि पाठवणावळ ६० रुपये. पाठवणावळ गटाने सोसली तर प्रत्येक पुड्यामागे ५० रुपये तोटा. ग्राहकावर टाकली तर त्याला वस्तू दुपटीने पडते. याउलट आमसूल, कुळीथपीठ व पापड यांचा ६०० रुपयांचा एकत्रित संच केला, त्याचा उत्पादनखर्च ४००, वेष्टन २५, पाठवणावळ ९० व विक्रीमंचाचे कमिशन ३० रुपये धरले, तर ५५ रुपये उरतात. येथेही गट फसतात, कारण परत येणारी पार्सले कोणी मोजत नाही. माल हाती आल्यावर पैसे, या पद्धतीत घेणारा दारातूनच नकार देऊ शकतो. दहांपैकी एक पार्सल परत आले, तर जाण्यायेण्याचे १८० व वेष्टनाचे २५ रुपये वाया जातात. नऊ पार्सलांचे ४९५ रुपये मिळाले, त्यातून २०५ गेले. दहा पार्सलांमागे २९० राहिले. बायकांची मजुरी उत्पादनखर्चात धरलेली नसेल, तर हा नफा नव्हेच.

अन्नपदार्थ असल्याने २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखालील नोंदणी लागते. कराबाबत एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना वस्तू व सेवा कराच्या नोंदणीशिवाय, केवळ नावनोंदणी क्रमांक घेऊन, ऑनलाइन मंचावर माल विकण्याची मुभा मिळाली. पण ती राज्यांतर्गत विक्रीपुरती. सुरत किंवा वडोदऱ्याच्या ग्राहकाला करपात्र माल पाठवायचा, तर नोंदणी आलीच.

भांडवलाचे चक्रही प्रतिकूल आहे. कोकमाची फळे पावसापूर्वी घ्यावी लागतात, पैसा मात्र वर्षभर थोडाथोडा येतो. बँकेचा हप्ता तेवढा थांबत नाही. म्हणून पहिल्या वर्षी कर्ज काढून साठा करण्यापेक्षा पंचवीस-तीस पार्सले पाठवून पाहावीत आणि प्रत्येकाचा खर्च वहीत लिहावा. ही वही ठेवण्यास गावातील शिक्षक सहज मदत करू शकतील.

राहता राहिला पावसाळा. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहर पाण्याखाली गेले आणि घाटांत दरडी कोसळल्या. साठा उंचावर व शक्य तर दोन ठिकाणी ठेवावा, आणि जून ते सप्टेंबर या काळासाठी पोचण्याचे दिवस दुकानावर वाढवून लिहावेत; रस्ता बंद झाल्यास मागणी घेणे त्याच दिवशी थांबवावे.