पुनरुत्थान : अर्थ लावणे आणि मजकूर दुरुस्त करणे

श्रद्धेचा आधुनिक अर्थ लावताना आपण बायबल समजावून सांगतो, की ते दुरुस्त करतो? हा आजचा प्रश्न. उदाहरण घेऊ मारबुर्गचे अभ्यासक रुडॉल्फ बुल्टमान यांचे.

१९४१ साली एका व्याख्यानात ते म्हणाले, नव्या कराराचे विश्व तीन मजली आहे : वर स्वर्ग, मध्ये पृथ्वी, खाली अधोलोक. विजेचे दिवे आणि रेडिओ वापरणाऱ्या माणसाने ते जसेच्या तसे कसे मानायचे? आता नीट लक्ष द्या. मिथके फेकून द्या, असे ते म्हणत नाहीत. माणसाच्या अस्तित्वाबद्दल ती काय सांगतात ते शोधा, असे म्हणतात. मग पुनरुत्थान म्हणजे कबरीपाशी घडलेली घटना उरत नाही. वधस्तंभाचा तारक अर्थ शिष्यांना उमगला आणि तो संदेश आजही आपल्याला हाक देतो, ते पुनरुत्थान.

हे बायबलाशी ताडून पाहू. योहानाच्या पाचव्या अध्यायात विश्वास ठेवणारा आताच मरणातून जीवनात गेला आहे, असे येते. म्हणजे बुल्टमानना आधार आहे. पण लगेच पुढे कबरीतले लोक बाहेर येतील, असेही येते. ही वचने, बुल्टमान म्हणतात, नंतरच्या संपादकाने घातली!

आता पौल. करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय १५. पौल साक्षीदारांची यादीच देतो : केफा, बारा जण, पाचशेहून अधिक बंधू, याकोब, शेवटी स्वतः. पाचशेंपैकी बहुतेक हयात आहेत, असेही सांगतो. म्हणजे काय? जा, विचारा! इथे पौल पुनरुत्थान घटना म्हणून सिद्ध करू पाहतो, हे बुल्टमान प्रामाणिकपणे मान्य करतात. फक्त पौलाचे इथे चुकले, असे त्यांचे मत.

दोन्हीकडे मजकूर आडवा आला आणि माघार मजकुरालाच घ्यावी लागली. याला मी अर्थ लावणे म्हणणार नाही.

पण अक्षरार्थवाद्यांनीही खूश होऊ नये. तोच पौल त्याच अध्यायात बी आणि रोप यांचा दाखला देऊन आध्यात्मिक शरीराबद्दल बोलतो. जुनाच देह पुन्हा चालू झाला, एवढेच त्याला म्हणायचे नाही.

हा नुसता पंडिती वाद नव्हे. आपल्या माणसाला मूठमाती देणारा विचारतो, तो मला पुन्हा भेटेल का? पौलाचे उत्तर एक, बुल्टमानचे दुसरे. दुसरे उत्तर द्यायचे तर खुशाल द्यावे. ते पौलाच्या नावावर खपवू नये.