आज्ञावलीचे शुद्धलेखन

(बी. ए. भाग २)

संगणक हा विज्ञान शाखेचा विषय. त्याचे कला महाविद्यालयाच्या वार्षिकात काय काम, असा प्रश्न काही वाचकांस पडेल. काम आहे, आणि ते दुहेरी आहे. पहिले असे की, आपला प्रवेशअर्ज, परीक्षेचा अर्ज, गुणपत्रिका आणि शिष्यवृत्ती हे सारे आज संगणकाच्या आज्ञावलीतून जाते. तिच्यातील एक ओळ चुकली तर एखाद्याची शिष्यवृत्ती अडकते. आणि ज्याच्या घरी दुसरा आधार नाही, त्याचे वर्षही वाया जाऊ शकते. दुसरे असे की, आज्ञावली हेही शेवटी एक लेखनच आहे. ते कोणीतरी लिहितो, पुढे दुसरा कोणी वाचतो आणि तिसरा त्यात भर घालतो. लेखन म्हटले की ते नीटनेटके आहे की गबाळे, हा प्रश्न आलाच. गबाळी झालेली आज्ञावली तिचे काम न बदलता नीट कशी करतात, हे प्रस्तुत लेखात थोडक्यात पाहावयाचे आहे. या क्रियेला संगणक क्षेत्रात ‘रिफॅक्टरिंग’ म्हणतात. आपण तिला ‘पुनर्रचना’ म्हणू.

आज्ञावली बिघडते कशी?

आज्ञावली म्हणजे संगणकाने कोणते काम कोणत्या क्रमाने करावे याची लेखी यादी. लोखंडाला गंज चढतो तसा तिला चढत नाही. आज लिहिलेली ओळ दहा वर्षांनीही अक्षरशः तशीच राहते. मग ती बिघडते कशी? ती बिघडते माणसांच्या बदलत्या गरजांमुळे. नियम बदलतात, दर बदलतात, नवे अपवाद येतात. आणि प्रत्येक वेळी घाईघाईने एक ठिगळ लावले जाते.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात उशिरा आलेल्या पुस्तकाचा दंड काढणारी आज्ञावली आहे. दंड रोज एक रुपया, रविवार वगळून. लिहिणाऱ्याने हा हिशेब प्रथम विद्यार्थ्यांसाठी लिहिला. पुढे प्राध्यापकांसाठी सोय हवी झाली, तेव्हा त्याच ओळी उतरवून खाली चिकटवल्या. नंतर माजी विद्यार्थ्यांसाठी तिसऱ्यांदा तेच केले. तिन्ही ठिकाणी काम बरोबर चालू होते, कोणाची तक्रार नव्हती. काही वर्षांनी दंड दोन रुपये झाला. पहिला लेखक तोवर नोकरी सोडून गेलेला. नव्या माणसाने पहिली जागा शोधून दर बदलला, दुसरी जागा सापडली तीही बदलली. तिसरी त्याच्या नजरेतून सुटली. आता दहा दिवस उशीर झाला आणि मध्ये एक रविवार आला, तर विद्यार्थ्याला अठरा रुपये दंड होतो आणि माजी विद्यार्थ्याला नऊच!

चूक कोणाची? नव्या माणसाची म्हणावी तर त्याला तिसरी जागा आहे हे कोणी सांगितले नव्हते. खरा दोष रचनेत होता: एकच नियम तीन ठिकाणी लिहिलेला होता. त्यातच पहिल्या लेखकाने दिवसांच्या संख्येला ‘क्ष’, दराला ‘य’ आणि रविवारांना ‘क्ष१’ अशी नावे दिलेली असली, तर वाचणाऱ्याचे हाल विचारायलाच नकोत. संगणकाला ‘क्ष’ काय आणि ‘उशिराचेदिवस’ काय, दोन्ही सारखेच. नावांचा भेद फक्त माणसाला कळतो. आज्ञावली यंत्रासाठी असतेच, पण त्याहून अधिक ती पुढे येणाऱ्या माणसासाठी असते, हे येथे ध्यानात येते.

पुनर्रचना म्हणजे काय?

वरील आज्ञावलीत दंडाचा नियम एकाच जागी आणावयाचा, त्याला ‘दंडकाढा’ असे स्पष्ट नाव द्यावयाचे आणि तिन्ही ठिकाणांहून त्याच नियमाकडे बोट दाखवावयाचे, ही झाली पुनर्रचना. बाहेरून पाहणाऱ्यास काहीच बदललेले दिसत नाही. मात्र पुढच्या वेळी दर बदलला, की एकच आकडा बदलावा लागेल. थोडक्यात, बाहेरचे वर्तन तसेच ठेवून आतील रचना सुबोध करणे म्हणजे पुनर्रचना. नवी सोय जोडणे म्हणजे पुनर्रचना नव्हे, आणि चूक दुरुस्त करणे म्हणजेही नव्हे.

हा विचार एका दिवसात आलेला नाही. १९६८ साली डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी, आज्ञावलीत वाटेल तिथून वाटेल तिथे उडी मारण्याची पद्धत वाचणाऱ्याची कशी दिशाभूल करते, हे एका गाजलेल्या पत्रात मांडले. १९९२ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात विल्यम ओपडाइक यांनी पुनर्रचनेवर प्रबंध लिहिला. त्याच वर्षी वॉर्ड कनिंगहॅम यांनी अव्यवस्थित आज्ञावलीला कर्जाची उपमा दिली. घाईने काम उरकले की आज वेळ वाचतो, पण पुढच्या प्रत्येक बदलाच्या वेळी त्याचे व्याज भरावे लागते. सावकाराचे कर्ज पाहिलेल्या घरातील मुलांना ही उपमा समजावून सांगण्याची गरज नाही. १९९९ साली मार्टिन फाउलर यांचे या विषयावरील पुस्तक प्रसिद्ध झाले आणि ही कल्पना सर्वत्र पोचली. त्यांचे पहिलेच उदाहरण एका व्हिडिओ कॅसेटच्या दुकानातील बिलाचे आहे. म्हणजे आपल्या ग्रंथालयाच्या दंडाचेच भावंड.

सीताबर्डीतील एक जुने उदाहरण

हे सारे परदेशातले वाटेल. पण याच जातीचे काम आपल्या भाषेत साठ वर्षांपूर्वी झाले आहे आणि त्याचा एक धागा आपल्या सीताबर्डीशी जुळतो. झाशी राणी चौकातील विदर्भ साहित्य संघ आपण सर्वांनी पाहिला आहे. १९२३ साली स्थापन झालेली ही संस्था १९६१ मध्ये पुणे, मुंबई व मराठवाड्यातील साहित्यसंस्थांबरोबर मराठी साहित्य महामंडळात सामील झाली. या महामंडळाने शुद्धलेखनाचे चौदा नियम तयार केले आणि १९६२ साली शासनाने ते मान्य केले. १९७२ मध्ये आणखी चार नियमांची भर पडून ते अठरा झाले.

त्याआधीचे छापील मराठी पुस्तक उघडून पाहावे. ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘नांव’, ‘पांच’, ‘करूं’ अशी रूपे पानोपानी आढळतात. हे अनुस्वार एके काळी उच्चारात होते किंवा व्युत्पत्तीने सिद्ध होत होते. परंतु बोलताना त्यांचा उच्चार केव्हाच थांबला होता. लिहिणाऱ्याला ते पाठ करावे लागत, चुकले तर गुण जात. नव्या नियमांनी हे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. ‘नाहीं’चे ‘नाही’ झाले. उच्चार तोच, अर्थही तोच. बाहेरचे वर्तन कायम ठेवून आतील रचना सोपी झाली, ती ही अशी.

पण सारेच अनुस्वार काढले का? नाही, आणि खरा धडा येथेच आहे. ‘घरात’ म्हणजे एका घरात, ‘घरांत’ म्हणजे अनेक घरांत. ‘मुलांना’, ‘लोकांसमोर’ यांतील अनुस्वार अनेकवचन दाखवतो. ‘राज्यपालांचे’ यातील अनुस्वार आदर दाखवतो. हे अनुस्वार काम करीत होते, म्हणून ते राखले. जे निव्वळ सवयीने उरले होते ते गेले. दुसरे उदाहरण ‘कवि’ आणि ‘गुरु’ यांचे. पूर्वी संस्कृतातून आलेला शब्द कोणता आणि मराठी कोणता हे ओळखून शेवटची वेलांटी किंवा उकार ऱ्हस्व-दीर्घ ठरवावा लागे. नव्या नियमाने शब्दाच्या अंती येणारा इकार-उकार सरसकट दीर्घ केला: ‘कवी’, ‘गुरू’. मात्र ‘आणि’ आणि ‘नि’ हे अपवाद ठेवले आणि ‘लघुकथा’सारख्या समासात पहिले पद मुळाप्रमाणे ऱ्हस्व राहू दिले. म्हणजे नियम एका जागी आणला, अपवाद मोजके ठेवले आणि ते लिहून ठेवले.

या बदलात काहीच गमावले नाही असे म्हणता येणार नाही. ‘आम्हीं केले’ यातील तृतीया पूर्वी अनुस्वारावरून डोळ्यांनाच दिसे. आता ती वाक्यावरून ओळखावी लागते. जुने काव्य अभ्यासणाऱ्यास जुनी रूपे आजही शिकावीच लागतात. पण प्रथमच लिहावयास शिकणाऱ्या घरांतील मुलांना, ज्यांच्या कानावर व्युत्पत्ती कधी पडलेली नाही, त्यांना कानावर विसंबून पुष्कळसे बरोबर लिहिता येऊ लागले. सुबोध रचनेचा लाभ सर्वांत अधिक नवख्या माणसाला होतो, मग ती भाषा असो की आज्ञावली.

काम करावयाची रीत

आज्ञावलीची पुनर्रचना करताना चार पथ्ये पाळतात. पहिले पथ्य तपासणीचे. हात लावण्यापूर्वी आजचे वर्तन लिहून ठेवावयाचे: दहा दिवस उशीर, मध्ये एक रविवार, दोन रुपयांच्या दराने दंड अठरा रुपये, उशीर नाही, दंड शून्य, फक्त रविवारचा उशीर, दंड शून्य. अशी पंधरा-वीस उदाहरणे जमवून प्रत्येक बदलानंतर ती पुन्हा चालवून पाहावयाची. उत्तर बदलले तर शेवटचे पाऊल मागे घ्यावयाचे.

दुसरे पथ्य लहान पावलांचे. एका वेळी एकच नाव बदलावे, एकच तुकडा हलवावा. सारे एकदम बदलले तर चूक कोणत्या बदलाने शिरली हे कळत नाही.

तिसरे पथ्य दोन टोप्यांचे. केंट बेक यांची ही उपमा आहे. नवी सोय जोडताना एक टोपी घालावी, रचना सुधारताना दुसरी. दोन्ही टोप्या एकाच वेळी डोक्यावर चढवू नयेत. वरील उदाहरणात माजी विद्यार्थ्याचा नऊ रुपयांचा दंड चुकीचा आहे हे पुनर्रचना करताना लक्षात आले, तरी ती दुरुस्ती वेगळी नोंदवून वेगळ्या वेळी करावी.

चौथे पथ्य असे की, एखादी ओळ कशासाठी आहे हे कळल्याशिवाय ती काढू नये. आणि निरुपयोगी आहे हे एकदा पक्के कळले की ती ठेवूही नये.

पथ्य न पाळल्यास

या पथ्यांची किंमत अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर-व्यवहार करणाऱ्या कंपनीने मोजली. तिच्या आज्ञावलीत एक जुना भाग होता, त्याचा वापर २००३ साली थांबला. पण तो काढला नाही. २००५ मध्ये विकल्या-घेतलेल्या शेअरांची मोजणी करणारा तुकडा दुसऱ्या जागी हलवला गेला. त्यानंतर तो जुना भाग नीट चालतो की नाही, हे कोणी तपासले नाही. २०१२ साली नवी आज्ञावली आठ यंत्रांवर बसवावयाची होती. ती सातांवरच बसली. त्यातच जुना भाग सुरू करणारी खूण नव्या कामासाठी वापरली होती. १ ऑगस्टला बाजार उघडताच आठव्या यंत्रावरील तो निद्रिस्त भाग जागा झाला. मोजणी तुटलेली असल्याने थांबावे कधी हे त्याला कळेना, आणि तो सौदे करीतच सुटला. सुमारे पंचेचाळीस मिनिटांत कंपनीचे चाळीस कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले आणि पुढल्याच वर्षी ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. निरुपयोगी भाग काढला असता, किंवा तुकडा हलवल्यावर तपासणी केली असती, तर हे टळण्याचा संभव होता.

अर्थात पुनर्रचना हे प्रत्येक दुखण्यावरचे औषध नव्हे. जी आज्ञावली कधी बदलावयाची नाही, तिला उगीच हात लावू नये. जी पार मोडकळीस आली आहे, ती कधीकधी नव्याने लिहिणेच स्वस्त पडते. ज्या भागात वारंवार बदल करावा लागतो, तेथे जाता जाता थोडी थोडी सुधारणा करीत राहणे, हाच मध्यम मार्ग होय.

या कामाचे कौतुक सहसा होत नाही. नवी सोय दिसते. नीट केलेली आतली रचना कोणालाच दिसत नाही. वरिष्ठ विचारतात, ‘एवढे दिवस काम केले, मग बदलले काय?’ खरे उत्तर असते, ‘बाहेरून काहीच नाही.’ पण पुढच्या वर्षी नियम बदलेल तेव्हा नवखा माणूस एक ओळ बदलून मोकळा होईल, कोणतीही जागा नजरेतून सुटणार नाही आणि कोणा विद्यार्थ्याचा अर्ज विनाकारण अडकणार नाही. नागपुरातील आय. टी. पार्क आणि मिहानमधील कंपन्यांत आपल्यापैकीही काही जण उद्या जातील, काही जण कचेऱ्यांत नियम आणि अर्जांचे नमुने लिहितील. अमुक शब्द कशासाठी आहे, तो काढला तर काय बदलेल, हे विचारण्याची सवय आपल्याला व्याकरणाच्या तासाला लागते. ती सवय तेथेही उपयोगी पडेल.